धूर आणि ऊन: कोळसा जळतो तेव्हा आपल्या शरीरात काय होते?

“डॉक्टर, मी आयुष्यात बिडी-सिगारेटला हात लावला नाही. मग मला हा दम लागतो कशाने?”

हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारते. बहुधा साठीच्या आसपासच्या एखाद्या काकू असतात, तीस-चाळीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या. कधी राखेचा ट्रक चालवणारा माणूस असतो. उन्हाळा लागला की ओपीडीतल्या तक्रारी बदलतात. चक्कर येते, लघवी कमी होते, पायांत गोळे येतात, नेहमीची बीपीची गोळी घेऊनही अचानक डोळ्यांपुढे अंधारी येते.

मी चंद्रपूर जिल्ह्यात काम करतो. आमच्याकडे हिवाळ्यात धुराचे आजार आणि उन्हाळ्यात उन्हाचे, अशा जणू दोन पाळ्याच लागलेल्या असतात. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे असे मी म्हटले, की समोरचा माणूस जरा संशयाने बघतो. “ऊन तर आमच्या आजोबांच्या काळीही होतंच की!” होते, ते खरेच आहे. तरीही संबंध आहे, आणि तो समजून घेतला तर ‘स्वच्छ ऊर्जा’ हा वर्तमानपत्रातला शब्द तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यापर्यंत कसा येतो, हेही लक्षात येईल.

एकच आग, दोन इजा

चंद्रपूर, वणी, उमरेड या भागात जमिनीखाली जो कोळसा आहे, तो साधारण २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा गाडलेला अवशेष आहे. झाडांनी हवेतला कार्बन घेतला आणि त्यासकट ती जमिनीखाली गेली. आपण तो कोळसा खणून काढतो आणि जाळतो. डिझेल, पेट्रोल आणि घरातला गॅस हेही असेच जमिनीत गाडलेल्या जुन्या जिवांचे इंधन.

हे इंधन जळताना दोन प्रकारच्या गोष्टी बाहेर पडतात. पहिला प्रकार म्हणजे काजळी, राखेचे बारीक कण, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड. ही मंडळी हवेत काही दिवस, फार तर काही आठवडे राहतात; पाऊस आला की धुऊन जातात. पण तेवढ्या काळात ती आपल्या छातीत शिरतात. दुसरा प्रकार म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो नाकाला झोंबत नाही, खोकला आणत नाही. मात्र त्याचा बराचसा भाग शतकानुशतके वातावरणात टिकतो आणि पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे प्रमाण सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. २०२४ हे असे पहिले कॅलेंडर वर्ष ठरले, ज्यात जगाचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या पातळीपेक्षा दीड अंशाहून अधिक होते.

विदर्भाचा उन्हाळा कोळशाने जन्माला घातलेला नाही. पण सरासरी दीड अंशाने वाढली म्हणजे प्रत्येक दिवस फक्त दीड अंशाने तापतो असेही नाही. अतिउष्ण दिवस पूर्वीपेक्षा जास्त वेळा येतात, सलग येतात, आणि रात्री पुरेशा निवत नाहीत. डॉक्टर म्हणून मला सगळ्यात जास्त काळजी या शेवटच्या गोष्टीची वाटते. तिच्याकडे पुढे येतो.

धूर छातीत जातो, मग हृदयाचा झटका कसा येतो?

हवेतले जे कण २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात त्यांना ‘पीएम २.५’ म्हणतात. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे हे कण केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहूनही लहान. मोठी धूळ नाकातल्या केसांत आणि शेंबडात अडकते, खोकल्यावाटे बाहेर पडते. हे कण अडकत नाहीत. ते फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत, म्हणजे वायुकोशापर्यंत जातात. तिथे रक्त आणि हवा यांच्यात अगदी पातळ पडदा असतो. सर्वांत बारीक कण तो ओलांडून रक्तात उतरतात.

शरीराला हे परके कण दिसले की सूज येते. ही सूज फुप्फुसापुरती राहत नाही. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, आतला चरबीचा थर अस्थिर होतो. म्हणूनच बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे होणाऱ्या अकाली मृत्यूंपैकी सुमारे दोन-तृतीयांश मृत्यू हृदयविकाराने आणि पक्षाघाताने होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. “प्रदूषण म्हणजे खोकला” एवढेच आपल्या डोक्यात बसलेले असते, त्यामुळे छातीत कळ आलेल्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना हवेची शंकाही येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी वार्षिक सरासरीची शिफारस केली ती घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमची. आपल्या देशाचे मानक ४० आहे. त्यामुळे मोबाइलवर हवा ‘समाधानकारक’ दिसली तरी ती फुप्फुसासाठी निर्धोक असतेच असे नाही.

सगळे कण सारखेच घातक असतात का? अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९९ ते २०२० या काळातल्या वृद्धांच्या नोंदी तपासल्या. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासानुसार, कोळशावरच्या वीज केंद्रांतून आलेल्या पीएम २.५ मुळे होणारा मृत्यूचा धोका इतर स्रोतांच्या पीएम २.५ पेक्षा सुमारे दुप्पट होता. त्याच अभ्यासात हेही दिसले, की केंद्रे बंद होत गेली किंवा त्यांना धूर स्वच्छ करणारी यंत्रे बसली, तसतसे हे मृत्यू झपाट्याने घटले.

आमच्या चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे. भोवताली खाणी, सिमेंटचे कारखाने, कोळशाचे ट्रक. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथे होते. वीज केंद्रांत राख अडवणारी यंत्रे असतात आणि ती बहुतेक राख अडवतातही. अडचण असते ती निसटणाऱ्या अतिबारीक कणांची आणि वायूंची. सल्फर डायऑक्साइड चिमणीतून वायू म्हणून निघतो आणि हवेत दूरवर जाता जाता त्याचे बारीक कण बनतात. म्हणजे चिमणी एका जिल्ह्यात आणि खोकला दुसऱ्या जिल्ह्यात, असेही होते. हा वायू धुऊन काढणारी एफजीडी नावाची यंत्रणा बसवण्याचा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला. मुदती अनेकदा वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूट मिळाली. यामागे खर्चाची कारणे दिली गेली. आपल्या कोळशात गंधक कमी असते, हेही सांगितले गेले. ते कमी असते हे खरे आहे. पण जाळला जाणारा कोळसा किती, हेही बघावे लागते. माझ्या मते छातीच्या रुग्णांच्या बाजूने हा निर्णय झालेला नाही.

चुलीचा धूर यात कुठे बसतो?

सरपण आणि गोवऱ्या हे काही खनिज इंधन नव्हे. पण धुराच्या बाबतीत शरीर असा भेद करत नाही. घरातल्या धुरामुळे जगात दरवर्षी सुमारे ३२ लाख माणसे अकाली दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सुरुवातीला ज्या काकूंचा उल्लेख केला, त्यांचा आजार बहुतेक वेळा सीओपीडी असतो: श्वासनलिका कायमच्या अरुंद होणे. पुरुषांना तो बिडीने होतो, आमच्याकडच्या अनेक बायकांना चुलीने. गरोदरपणात हा धूर घेतलेल्या बाईचे बाळ कमी वजनाचे असण्याची शक्यता वाढते, आणि कडेवर घेऊन स्वयंपाक करताना जे मूल धूर घेते त्याला न्यूमोनियाचा धोका अधिक.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. सिलिंडरमधला गॅसही खनिज इंधनच आहे. तरी चुलीवरून गॅसवर जाणाऱ्या बाईला मी कधीही “थांबा, हे पर्यावरणाला बरे नाही” असे सांगणार नाही. तिच्या फुप्फुसाला आज जी सुटका हवी आहे ती गॅस देतो. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आल्यापासून गावोगावी शेगड्या पोहोचल्या. पण सिलिंडर परवडत नाही म्हणून पाहुण्यांच्या चहाला गॅस आणि भाकरी-पाण्याला चूल, असे आजही अनेक घरांत चालते. तपासायला आलेल्या बाईला मी “गॅस आहे का?” असे विचारत नाही, “वर्षाला किती सिलिंडर लागतात?” असे विचारतो. उत्तर दोन किंवा तीन आले, तर चूल रोज पेटते हे समजायचे. वीज भरवशाची असेल तर इंडक्शनची शेगडी चांगला पर्याय आहे. घरात ज्वाळाच नाही, त्यामुळे त्या खोलीत इंधनाचा धूरही नाही.

ऊन शरीराचे काय करते?

आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तर शरीराची उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा त्याहून गरम झाली की एकच मार्ग उरतो: घाम येणे आणि तो वाळणे. यासाठी हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते, म्हणजे ते जोरात चालते. घामावाटे पाणी आणि मीठ जाते, रक्त दाटते, मूत्रपिंडाला रक्त कमी पडते. तरुण, धडधाकट माणूस हे सोसतो. ज्याचे हृदय आधीच थकलेले आहे, त्याला ते जड जाते. त्यामुळे उष्णतेच्या लाटेत दगावणाऱ्या अनेकांच्या कागदावर ‘उष्माघात’ लिहिलेले नसते. ‘हृदयविकार’ लिहिलेले असते.

अहमदाबादेत मे २०१० मध्ये मोठी लाट आली. नंतर संशोधकांनी त्या महिन्यातले एकूण मृत्यू एरवीच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे आढळले. उष्माघाताच्या नोंदी पाहून हा आकडा कधीच दिसला नसता. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. नंतर नागपूरसह अनेक शहरांनी तो मार्ग धरला.

कोकणात आणि मुंबईकडे राहणाऱ्यांनी “आमच्याकडे कुठे ४५ अंश होतं?” असे म्हणून निश्चिंत राहू नये. दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या उघड्या मैदानावरच्या सोहळ्यानंतर १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. म्हणूनच हवामान विभाग किनाऱ्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार ३७ अंशांपासून करतो, तर मैदानी भागात ४० पासून.

आता रात्रीविषयी. दिवसभर ताण सोसलेल्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला सावरायला रात्रीचा गारवा लागतो. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात रात्री दोनलाही भिंती तापलेल्या असतील, तर ती विश्रांती मिळत नाही आणि दुसऱ्या दिवशीचे ऊन कालच्या थकव्यावर येते. लाटेच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्याकडे येणारे वृद्ध रुग्ण मला पहिल्या दिवसापेक्षा जास्त गंभीर वाटतात, त्याचे कारण हेच.

मग लोक एसी घेतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. हृदयरुग्णाच्या खोलीत एसी हे मे महिन्यात औषधच आहे. फक्त एक हिशेब माहीत असू द्या. आपल्याकडे कोळशापासून एक युनिट वीज काढायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. दीड टनाचा एसी रात्रभरात आठ-दहा युनिट घेत असेल आणि ती वीज कोळशाची असेल, तर कुठेतरी सहा-सात किलो कोळसा जळतो. आपल्या कोळशात राख ३० ते ४० टक्के, म्हणजे दोनेक किलो राख मागे उरते. गारवा एका खोलीत, धूर दुसऱ्याच्या अंगणात, आणि पुढच्या उन्हाळ्यात थोडी भर सगळ्यांच्याच. हे चक्र एसी बंद करून तुटणार नाही. वीज कशापासून बनते, ते बदलल्यावर तुटेल.

उष्माघात ओळखा: ही तातडीची वेळ आहे

उन्हातून किंवा तापलेल्या घरातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, त्याला झटके आले किंवा तो बेशुद्ध झाला आणि अंग भाजल्यासारखे गरम लागले, तर तो उष्माघात समजा. अंग कोरडेच असते असे नाही. श्रम करणाऱ्याला घाम येत असतानाही उष्माघात होतो. १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट बघत हातावर हात ठेवून बसू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ असेल तर मान, काख आणि जांघेत ठेवा. पहिला अर्धा तास मोलाचा असतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाते. पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप त्या गोळीने उतरणारा नव्हे, उलट यकृताला इजा होऊ शकते.

खिशात कांदा ठेवण्याबद्दल मला दरवर्षी विचारतात. ठेवा, त्याने अपाय नाही. फक्त कांदा आहे म्हणून दुपारी एकला वावरात जाऊ नका.

ताक, कैरीचे पन्हे, आंबील हे उत्तम. मात्र हृदय कमजोर असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पाणी आणि मीठ किती घ्यायचे ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, बीपीची काही औषधे आणि मानसिक आजारांवरची काही औषधे उन्हाळ्यात शरीरावर वेगळा परिणाम करतात. ती मनाने बंद करू नका. मार्च संपायच्या आत एकदा डोस तपासून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवावी. फ्रीज नसेल किंवा वीज जात असेल, तर ओल्या मातीच्या माठात, पाणी लागणार नाही अशा डब्यात ती ठेवता येते. पत्र्याखालच्या फळीपेक्षा ते कितीतरी बरे.

हवा कोरडी असताना वाळ्याचा किंवा गवताचा कूलर विदर्भात चांगले काम देतो. त्यात पाणी भरताना मात्र आधी प्लग काढा. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात, त्यात लहान मुलेही असतात.

वीज बदलली तर तब्येत खरेच बदलते का?

हा प्रश्न रास्त आहे. तापमानवाढीच्या बाबतीत उत्तर सावकाशीचे आहे, कारण हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड लगेच परत येत नाही. धुराच्या बाबतीत मात्र उत्तर फार लवकर मिळते.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचे धुके चार-पाच दिवस साचून राहिले आणि सुरुवातीच्या मोजणीतच सुमारे ४,००० माणसे जास्तीची दगावल्याचे दिसले. नंतरचे अंदाज याच्या तिप्पट आहेत. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्याच देशातले कोळशावरचे शेवटचे वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात १९९० मध्ये घरगुती शेगड्यांसाठी धुराचा कोळसा विकायला बंदी आली. हवेतली काजळी सुमारे ७० टक्क्यांनी घटली, आणि पुढच्या काही वर्षांत श्वसनविकाराने होणारे मृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. हृदयविकाराच्या मृत्यूंबाबतचा निष्कर्ष नंतरच्या फेरतपासणीत तितका पक्का ठरला नाही, श्वसनाचा ठरला. दम्याच्या रुग्णासाठी तेवढेही खूप आहे.

आपल्या देशाने जून २०२५ मध्ये वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-खनिज स्रोतांची, म्हणजे सूर्य, वारा, पाणी आणि अणू यांची करून दाखवली. ही बातमी वाचून एका रुग्णाने मला विचारले होते, “मग अजून कोळशाच्या गाड्या एवढ्या कशा जातात?” कारण क्षमता आणि प्रत्यक्ष वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सौर पॅनेल रात्री झोपते. प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वीज अजून कोळशाचीच असते. दुपारच्या उन्हात कूलर-एसीची मागणी आणि सौर वीज दोन्ही एकदमच वाढतात, हे सोयीचे आहे. अडते ते संध्याकाळी सातनंतर. त्यासाठी साठवण लागते, मोठ्या बॅटऱ्यांची किंवा पाण्याची. पाण्याची साठवण म्हणजे जास्तीच्या विजेने पाणी वर चढवायचे आणि गरज पडली की खाली सोडून वीज काढायची. आपल्या घाटघरला अशी २५० मेगावॅटची सोय आहे.

स्वच्छ विजेचा एक फायदा मात्र असा आहे की तो मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडला नव्हता. शेतीला वीज आळीपाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकरी अंधारात बांधावरून पाणी द्यायला जातो, आणि साप चावतो. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक गावाकडची. महाराष्ट्रात सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीच्या वाहिन्या सौर विजेवर आणून दिवसा वीज द्यायचे काम चालू आहे. ज्या गावाला सकाळी पाणी देता येऊ लागते, तिथल्या माणसाला रात्री बॅटरी घेऊन वावरात जावे लागत नाही. हे सौरऊर्जेचे आरोग्य खात्याला मिळालेले फुकटचे दान समजा. दवाखान्यांचेही तसेच: शेजारच्या छत्तीसगडमध्ये शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौर संच बसले आहेत. वीज गेली तरी लसींचा फ्रीज आणि बाळंतपणाच्या खोलीतला दिवा चालू राहतो.

नेहमी विचारले जाणारे काही

*छतावर सौर पॅनेल बसवणे परवडते का?* फेब्रुवारी २०२४ पासूनच्या सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिकला ७८,००० रुपये अनुदान आहे. स्वतःचे छत असलेल्यांसाठी विचार करण्यासारखे आहे. ज्यांना ते जमत नाही, त्यांनी स्लॅबवर उन्हाळ्यापूर्वी पांढरा चुना किंवा पांढरा रंग मारला तरी खालची खोली निवते. वृद्ध माणूस वरच्या मजल्यावर झोपत असेल तर त्याला खाली आणा, हा बिनपैशाचा उपाय.

*माझ्या दम्याच्या पंपातला वायूही पृथ्वी तापवतो असे वाचले. बंद करू का?* नाही. दाबून मारायच्या पंपातला वायू वजनाला वजन पाहता कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून अधिक उष्णता अडवतो, हे खरे आहे. कॅप्सूलमधली पावडर ओढायच्या यंत्रात तो वायू नसतो. तुम्हाला ते यंत्र नीट ओढता येत असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांशी बोला. लहान मुले, फार वृद्ध माणसे आणि तीव्र झटक्यात असलेले रुग्ण यांना पंपच लागतो. आम्ही कोणता पंप लिहून द्यायचा, हा आधी आमचा प्रश्न आहे. तुमचे काम औषध न चुकवणे.

*आम्ही वीज केंद्राजवळ राहतो आणि घर त्याच पगारावर चालते. सोडून जायचे का?* माझ्या कित्येक रुग्णांचे पोट खाणीवर किंवा केंद्रावर आहे. त्यांना “कोळसा वाईट” एवढेच सांगून घरी पाठवणे मला जमत नाही. केंद्रे बंद होणार असतील, तर त्या माणसांना कोणते काम शिकवायचे आणि त्यांच्या जुन्या आजारांचा खर्च कोणी उचलायचा, हे बंद करण्याच्या आधी ठरायला हवे. तोवर तुमच्यापुरते असे करा: खाणीत किंवा राखेवर काम असेल तर साधा रुमाल पुरत नाही, नाकाला घट्ट बसणारा एन ९५ मास्क मागा. कामावरून आल्यावर कपडे बाहेर झटका, लहान मुलांजवळ नको. थंडीत पहाटे हवा खाली साचते, तेव्हा फिरायला जाण्याऐवजी ऊन वर आल्यावर जा. सीओपीडी असेल तर फ्लूची लस दरवर्षी घ्या. आणि वर्षातून एकदा फुप्फुसाची फुंकर-चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. एक्स-रे चांगला आला म्हणून ही चाचणी टाळू नका. श्वासनलिका अरुंद झाल्याचे एक्स-रेत बराच काळ दिसत नाही. तीन आठवड्यांहून जास्त खोकला, जिना चढताना नव्याने लागणारा दम, थुंकीत रक्त किंवा पायावर सूज, यांतले काहीही असेल तर वर्षाची वाट न बघता याच आठवड्यात या. येताना तुम्ही काय काम करता, किती वर्षे करता आणि घरात स्वयंपाक कशावर होतो, हे आम्ही विचारले नाही तरी आपणहून सांगा.